म्हशीचं नाव काय, वेत कितवं?

अक्का, सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी एका पेन्शनर आजोबांचा हयातीचा दाखला करत होते. त्यांचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. आजोबा वैतागून म्हणत होते, "जित्ता समोर बसलोय की गं, आनि काय पुरावा देऊ?" आणि तुमची सून फोनवर म्हणत होती, "आत्ती गेल्या ओ. धार काढून आल्या, चरवी उंबऱ्यावर ठेवली आनि तितंच बसल्या." मी विचारलं, "कोण आत्ती?" इतकी मी मठ्ठ. सुवर्णा रडायला लागली तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आजोबांचा अंगठा सहाव्या खेपेला उमटला. मी त्यांच्या हातात कागद दिला, दुकानाचं शटर ओढलं आणि आतल्या खुर्चीत बसून राहिले.

आपण दोन महिने बोललो नव्हतो. भांडण अर्धं टाकून निघून जायची ही कुठली पद्धत, अक्का? सुवर्णा धार अर्धी टाकून उठली तर तुम्ही तिला केवढं बोलायचात. "कास रिकामी करून उठावं, न्हाईतर सुजून दगडी हुती." आपलं भांडण तसंच राहिलंय, ठणकतंय. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला वाचायला आवडायचं, लिहायचा तेवढा कंटाळा.

आपली गाठ पडायचं खरं तर काही कारणच नव्हतं. तुम्ही गडहिंग्लजच्या बाजूच्या, मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतली. तुमच्या दावणीला पाच म्हशी. माझ्याकडे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दिवसभर फॉर्म भरून घ्यायला येणारी माणसं. रेशनकार्ड, शाळेचा प्रवेश, सातबारा, असलं सगळं. गाठ पडली ती अब्बांच्या म्हशीमुळे.

अब्बा गेले आणि दुसऱ्या दिवसापासून माहेरी, पन्हाळ्याच्या पायथ्याला, हिरा पान्हा चोरायला लागली. अम्मी खाली बसली की पाय झाडायची. रेडकू सोडून बघितलं, पेंड पुढे ठेवली, काही उपयोग नाही. आठवड्याभरात अम्मीनं म्हैस विकायचं ठरवलं. मी त्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर म्हशीवाल्यांचा एक ग्रुप शोधून काढला, 'गोठा' नावाचा, आणि प्रश्न टाकला. तासाभरात तुमचा आवाज आला. तुम्ही सगळी उत्तरं बोलूनच पाठवायचात, मागे भांडी, कोंबड्या आणि एखादी म्हैस हमखास. "म्हशीचं नाव काय, वेत कितवं?" तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. ताप असो, खूर असो, आधी म्हशीचं नाव आणि ती कितव्यांदा व्याली ते सांगायचं, पुढचं सगळं मग. मी लिहिलं, हिरा, तिसरं. दुसरा प्रश्न आला, "धार कोन काढत हुतं?" मी लिहिलं, अब्बा. ते आता नाहीत, हेही लिहिलं. मग तुम्ही म्हणालात, "त्येंचा न धुतल्याला सदरा हाय का घरात? आईला घालाय सांग. डोस्कीला त्येंचाच टावेल गुंडाळ म्हन. आनि बसू दे."

अम्मीनं अब्बांचा सदरा घातला. हिरानं तिला खालपासून वरपर्यंत हुंगलं आणि पान्हा सोडला. अम्मी धार काढता काढता रडत होती, मी दारात उभी राहून रडत होते. अब्बा गेल्यापासून आम्ही दोघी धड रडलोच नव्हतो. त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला आणि फोनवरही रडले. तुम्ही म्हणालात, "रडू नगंस, तंगी." तुमच्या सीमेकडच्या बोलीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण आपल्याला कुणीतरी जवळ घेतलंय एवढं कळलं. त्यानंतर तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. एकदा सोडून. त्यावर येतेच.

ग्रुप सांभाळायचं काम हळूहळू माझ्या गळ्यात पडलं, कारण फॉर्म भरणाऱ्या बाईला सगळं येतं अशी लोकांची समजूत. कंपनीचा जाच सुरू झाला तो आपल्या डोळ्यांसमोर. आधी जाहिराती आल्या. मग प्रश्न वेळेवर दिसायचे बंद झाले. म्हशीला ताप आज यायचा आणि लोकांना तो परवा दिसायचा. तुम्ही म्हणायचात, "परवापतूर म्हस तरी उठंल न्हाईतर आमी तरी." मग फोटो उडवायला लागले. व्याल्यावर वार अडकलेल्या म्हशीचा फोटो म्हणे अश्लील! कंपनीच्या यंत्राला म्हशीची कुठली बाजू कुठली ते काय कळणार. तुमच्यावर महिनाभर बंदी आली, अश्लील चित्रं पसरवल्याबद्दल. साठी ओलांडलेल्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेल्या तुम्ही! तुम्ही इतक्या हसलात की सुवर्णानं हातातून फोन काढून घेतला. "ह्या वयात नाव निघालं बग माजं," म्हणालात, आणि ते गावभर सांगत फिरलात.

पण त्याच महिन्यात एका बाईनं विताना अडलेल्या म्हशीचा फोटो टाकला आणि यंत्रानं फोटोसकट प्रश्नच गायब केला. आपल्यातल्या कुणालाच तो दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, डॉक्टर येईपर्यंत रेडकू गेलं, तुम्ही एवढी सगळी असून कुणी एक शब्द बोलला का नाही? तेव्हा तुम्ही हसला नाहीत. मी तर पेटलेच. म्हटलं, दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस बसायचं? उचला बिऱ्हाड.

पन्हाळ्यावर सगळे जमलो होतो तो दिवस आठवतो का? मी जय्यत तयारी करून आले होते. मोठ्या कागदावर चित्रं काढली होती, चौकोन म्हणजे सर्व्हर, मधे रेषा, रेषांना बाण. सगळं एका कंपनीच्या ताब्यात नको, आपापले छोटे सर्व्हर असतात, ते एकमेकांशी बोलतात, कुणी एक मालक नसतो, असं मी अर्धा तास सांगितलं. लोक ऐकत होते, म्हणजे झुणका-भाकरीकडे बघत होते. शेवटी धोंडिराम सर, जनावरांच्या दवाखान्यात हयात घालवून निवृत्त झालेला शहाणा माणूस, तेसुद्धा म्हणाले, "बाई, ह्ये काय डोस्क्यात शिरंना."

तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवलात. "आवं, आपली दूध संस्था बगा की. गावची संस्था गावची. आपला चेअरमन, आपलं माप, आपलं कॅन. शेजारच्या गावची येगळी. पर वर समदी जोडल्याली हायती का न्हाईत? आनि चेअरमन बिघडला तर आपून काय करतो? दुसऱ्या संस्थेत दूध घालतो. म्हस आपलीच ऱ्हाती. आता काय झालंय, समदी गावं एकाच मालकाच्या दारात दूध घालाय लागल्यात, आनि त्यो म्हनतोय, तुमची म्हस अश्लील हाय."

पुढे मला काही बोलावंच लागलं नाही. एक सर्व्हर माझ्या दुकानात बसला, दुसरा धोंडिराम सरांच्या घरी, नाव तेच ठेवलं, गोठा. माझा चित्रांचा कागद तुम्ही भाकरी गुंडाळायला घेऊन गेलात. तेव्हा राग आला होता. आज तो कागद तुमच्या घरात कुठेतरी असेल का, असं वाटून गेलं.

पहिल्या महिन्यात बरीच माणसं नव्या जागी आली. मग ओघ आटला. आणि ज्यांच्या शब्दावर सगळे उठले त्या तुम्हीच काही येईनात. मी विचारलं की म्हणायचात, येतो की. आज वैरण आणायची हाय. उद्या पावनं येनार हायती. तुमची कारणं संपायची नाहीत आणि माझा धीर संपत चालला होता. मग मी जाहीर करून टाकलं की दिवाळीच्या पाडव्याला, कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवतात त्या दिवशी, जुना ग्रुप कायमचा बंद करायचा. नटवलेल्या म्हशींचे फोटो टाकायचे, निरोप घ्यायचा आणि सगळं पुसून टाकायचं. तुमचा लगेच फोन.

"आनि कोन पावनं आलं तर?"

"पाटी लावल्या की अक्का, तिकडं या म्हणून."

"म्हस उठंना झाल्याल्या मानसाला पाटी वाचाय सुदरतंय व्हय? दारात मानूस लागतंय, तंगी."

मी म्हटलं, दार उघडं ठेवलं की लोक जुन्याच घरात रेंगाळतात आणि कंपनीचं आयतं फावतं. तुम्ही म्हणालात, रेंगाळू देत की. मी म्हटलं, आपण एवढं कशासाठी केलं मग? तुम्ही म्हणालात, म्हशींसाठी. माझं डोकं फिरलं. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "तुम्हाला बदलच नकोय अक्का. सरळ सांगा ना, वय झालं, जमत नाही म्हणून."

पलीकडे तुमची एक म्हैस हंबरली.

"असंल की, नसीम," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

नसीम. एवढी वर्षं मला ठाऊकच नव्हतं की माझं स्वतःचं नाव मला असं लागू शकेल. त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. पण मी मोठी शहाणी ना! म्हटलं, करतील त्याच. सोमवारी करतील, अमावास्या झाल्यावर करतील. मग म्हटलं, पाडव्याला आपणच करू, गोड बोलू. पाडवा कुठे पळून जात नाही, असं मला वाटलं.

त्या दोन महिन्यांत एक गंमत झाली, आणि ती गंमत मला आज गिळता येत नाहीये. नव्या जागेत शिरायला एक छोटा फॉर्म आहे. वर नाव, खाली एक रकाना, 'तुम्हाला इथे का यायचं आहे?' खोटी खाती फार यायला लागली होती म्हणून मी तो रकाना ठेवला. खरा माणूस कुठला आणि खोटा कुठला हे कसं ओळखायचं, म्हणून तुमच्यापाशी एकदा कुरकुरलेही होते. तर आटलेला ओघ हळूहळू पुन्हा सुरू झाला. रोज एखाददुसरं माणूस यायचं, आणि कारणाच्या रकान्यात लिहायचं, "राणी, दुसरं वेत." "कबरी, पाचवं." "सोनी, पहिलारू." आख्खं आयुष्य फॉर्म भरण्यात गेलेली मी, मला हसू आवरेना. मी तिथे सगळ्यांसमोर लिहिलंसुद्धा, की कारण विचारलं तर आपली माणसं म्हशीची ओळख करून देतात, ह्यांना फॉर्म भरायला कधी येणार! लोकांनीही दात काढले. सगळे अर्ज मी मंजूर केले मात्र, कारण असलं उत्तर खोट्या खात्याला सुचणार नाही. आणि मनात म्हणत होते, बघा अक्का, पाटी वाचून येतातच की माणसं, तुमचं काहीतरीच.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी एसटीनं तुमच्या घरी आले. सुवर्णानं चहा दिला आणि तुमचा फोन माझ्या हातात ठेवला. "ह्यात कायकाय हाय बगा. मला ऐकवत न्हाय." जुन्या ॲपवर तुमचे निरोप होते, ग्रुपबाहेर एकेका अनोळखी माणसाला पाठवलेले, कुणाला चार, कुणाला दहा. आधी म्हशीचं औषधपाणी, डॉक्टरला बोलवा म्हणून दटावणी, दुसऱ्या दिवशी चौकशी. आणि म्हैस बरी झाली की मग हे:

"आता तिकडं जावा. घाबरू नगासा. वरच्या रकान्यात आपलं नाव घाला. खाली इचारलंय का यायचं हाय म्हनून, तितं म्हशीचं नाव आनि वेत घाला. तितं आमची तंगी बसल्या. ती बगून वळकंल, खरी मानसं हायती म्हनून. खोट्या मानसाला वेत सांगाय येत न्हाय."

मी तारीख बघितली. आपल्या भांडणानंतरची होती. त्यानंतरच्या निरोपातही तेच, त्याच्या पुढच्यातही. आमची तंगी, आमची तंगी. राणी, कबरी, सोनी, सगळ्यांना तुम्ही हाताला धरून माझ्या दारापर्यंत आणून सोडलं होतं, आणि मी आत बसून हसत होते.

सुवर्णा म्हणाली, "म्या म्हटलं, आत्ती, त्येनला सांगा की तुमीच धाडताय म्हनून. तर म्हटल्या, ऱ्हाऊ दे. तिला वाटू दे मानसं आपसूक येत्यात. राबत्या बिचारी, तिला जरा हुरूप येऊ दे." मी विचारलं, मग त्या स्वतः का नाही आल्या गं? "समदी गेली की जातो म्हनायच्या. श्येवटचं जनावर आत गेलं की मग गोठ्याचं दार लावायचं असतंय म्हनायच्या." मी तुमच्या उंबऱ्यावर बसून रडले, जिथे तुम्ही चरवी ठेवलीत त्याच उंबऱ्यावर. सुवर्णानं रडू दिलं. नंतर तिनं मला गोठ्यात नेऊन तुमच्या पाचही म्हशींची नावं सांगितली, वेतासकट.

म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात, किंवा रागावून झालं होतं आणि मला कळवायचं राहिलं होतं. मला माफी मागायची होती, ती माझ्याकडेच पडून आहे. वय झालं, जमत नाही, असं मी त्या बाईला म्हणाले जी माझ्यापेक्षा जास्त माणसं तिकडे घेऊन गेली. अक्का, चुकले मी. हे तीन शब्द फोनवर किती सोपे होते.

पण खरं सांगू? तुमचं सगळं मला अजूनही पटलेलं नाही. त्या कंपनीच्या ओसरीवर आपलं एक माणूस कायम बसवून ठेवायचं म्हणजे तिचं भाडं आपण भरत राहायचं, असं मला आजही वाटतं. तुम्ही असतात तर यावर आणखी एक फोन झाला असता, तुम्ही "बग की" म्हणाला असतात, मी तणतणले असते. एवढं भांडायला आता मी कुणाला शोधू? धोंडिराम सर भांडत नाहीत, लगेच हो म्हणतात. त्यात काय मजा.

ग्रुपवरचे तुमचे आवाज मी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेते आहे. तो जुना ग्रुप पुसला असता तर तेही गेले असते, हे माझ्या शहाण्या डोक्यात तेव्हा आलंच नव्हतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की लावते. शेजारचा झेरॉक्सवाला विचारतो, दुकानात म्हैस कुठनं आली?

पाडवा सहा दिवसांवर आलाय. काय करायचं ते माझं ठरत नव्हतं. परवा दुपारी जुन्या ग्रुपमध्ये एक आवाज आला. बाईमाणूस, धाप लागलेली. "अक्का, हायसा का? म्हस काल व्याल्या, आनि सकाळधरनं उठंना झाल्या. मान टाकल्या. अक्का?"

तुम्ही गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. पाटी वर होती, मोठ्या अक्षरांत, तिनं ती वाचली नव्हती. मी नेहमी लिहिते, तुम्हाला माहीत आहे, मला माझा आवाज आवडत नाही. पण त्या वेळी मी बटण दाबलं आणि बोलले, "हाय की, बोला." ती म्हणाली, "तुमी कोन? अक्का कुटं हायती?"

अम्मी अब्बांचा सदरा घालून हिराजवळ बसली होती ना अक्का, तशी मी बसले. म्हटलं, "मी त्यांची तंगी. म्हशीचं नाव काय, वेत कितवं?"

"चंपी," ती म्हणाली. "चौथं."

धोंडिराम सरांना मी दुसऱ्या फोनवर घेतलं. ते म्हणाले, कॅल्शियम कमी पडलं असणार, आत्ताच्या आत्ता डॉक्टरला बोलवा, तोवर पोत्यांचा टेकू देऊन तिला छातीवर बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका, तोंडात काही ओतू नका. बाईनं सगळं केलं. डॉक्टर आले, सलाइन लावलं. संध्याकाळी तिनं चंपीचा फोटो पाठवला, चार पायांवर उभी, रेडकू कासेला. तेव्हा मी तिला तुमचं सांगितलं. तिनं विचारलं, "मग आता हितं कोन बसनार?"

मी सांगितलं, मी बसणार. पाडव्याचं रद्द केलंय, सगळ्यांना कळवलं. श्येवटचं जनावर आत जाईपर्यंत दार उघडं राहील.

आज सकाळी दुकान उघडलं तर नव्या जागेत एक अर्ज येऊन पडला होता. वर त्या बाईचं नाव आहे, खाली कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "चंपी, चौथं वेत." मी तिला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. ग्रुपवरचा तुमचा ठरलेला प्रश्न ऐकून तिचं तिनंच लिहिलं असेल. मंजुरीचं बटण समोर आहे, दाबतेच. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं.